गेनाऊ पोतदार

"भावजी, चहात साखर किती?"

"दीड चमचा."

मी घातली, ढवळली, कप पुढे केला. पोतदारांनी कपाला हात लावला नाही.

"वहिनी, हा दीड नव्हता. पहिला चमचा शिगोशीग होता आणि दुसरा अर्ध्याच्या वर. पावणेदोन झाले."

"अंदाजे दीडच की हो!"

त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "अंदाजे म्हणजे काय, सांगू? अंदाजे म्हणजे माहीत नाही."

ही आमची पहिली भेट. पुढच्या तीन वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याची नोंद माझ्याकडे नाही आणि याची मला खंत आहे, कारण मी नोंदी ठेवणारी बाई आहे. वाणसामानाची यादी, धुण्याची यादी, कुणाला पत्र गेलं आणि कुणाचं उत्तर यायचंय त्याची यादी, असं माझ्या वह्यांमध्ये सगळं सापडतं. मला वाटायचं, नीटनेटकेपणात आपला हात धरणारं कुणी नाही. पोतदार भेटले आणि माझा तो गैरसमज एका चहाच्या कपात विरघळला.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आमचे हे फ्रांकफुर्टच्या एका संस्थेत संशोधन करत होते आणि आम्ही जवळच्या बाड हॉम्बुर्गमध्ये हेर, म्हणजे श्रीयुत, होलमान यांच्या घरी पहिल्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. होलमान सत्तरी ओलांडलेले, पोस्टातून निवृत्त, एकटे. तळमजल्यावर ते आणि फ्लोरा नावाची त्यांची बुटकी, लांबोडकी, बहिरी कुत्री. माळ्यावरच्या खोलीत पोतदार. तेव्हा ते चाळिशीला टेकलेले होते. लग्न झालेलं नव्हतं. संशोधनाचा विषय मापं मोजणाऱ्या उपकरणांमधल्या चुका. म्हणजे मोजपट्टी बरोबर आहे का, हे मोजायचं. चुका शोधायला कुणी पगार देतं हे ऐकून माझ्या सासूबाईंनी पत्रात लिहिलं होतं, "तसे असेल तर मलाही बोलावून घ्या."

जर्मन माणसं बोलताना ऊठसूट 'गेनाऊ' म्हणतात. गेनाऊ म्हणजे नेमकं, बरोबर. आपण 'हो ना, हो ना' म्हणतो तसंच ते. पोतदारांना याचा खरोखर त्रास व्हायचा. बेकरीवाली "आज गारठा आहे, गेनाऊ!" असं म्हणाली की हे विचारणार, "किती?" घरी येऊन सांगायचे, "वहिनी, आज सकाळपासून सव्वीस गेनाऊ ऐकले. त्यातले तीन खरे." ते स्वतः हा शब्द महिन्यातून एखाद्या वेळी वापरत, तोही सोन्याचा असावा तसा जपून. म्हणून आम्ही त्यांचं नाव 'गेनाऊ पोतदार' ठेवलं. त्यांना ते माहीत होतं. त्यांना ते आवडायचंही, अंदाजे.

आता मुख्य गोष्ट. हा माणूस मांसमच्छी सोडाच, अंडंही खात नव्हता. जिन्यात कोळी दिसला तर त्याला पोस्टकार्डावर घेऊन बागेत सोडून यायचा. आणि हाच माणूस रोज संध्याकाळी सहा ते साडेसात तळघरात बसून शिकारीच्या बंदुकीची काडतुसं भरायचा.

बंदूक होलमानांची, त्यांच्या वडिलांच्या वेळची. तिच्या मापाची काडतुसं दुकानात मिळत, पण ती तिला मानवत नसत. म्हणून होलमान रीतसर परवाना काढून ती घरीच भरत. वापरलेली पितळी पुंगळी साफ करून पुन्हा मापात आणायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मोजून दारू ओतायची आणि वर गोळी दाबून बसवायची. काम एवढंच. पोतदार राहायला आले त्या आठवड्यात भाड्याच्या करारावर सही करायला ते तळघरात उतरले आणि त्यांनी होलमानांना मापाच्या चिमुकल्या पळीने दारू ओतताना पाहिलं.

"दर वेळी पळीत तेवढीच येते?" त्यांनी विचारलं.

"अंदाजे," होलमान म्हणाले.

संपलं. दुसऱ्या दिवशी पोतदार माळ्यावरून एक शिसवी पेटी घेऊन खाली उतरले आणि पुन्हा म्हणून कुणाला तिथे पळी दिसली नाही.

पेटीत सोनाराचा काटा होता. पोतदारांचे वडील खेडचे सोनार. दोन पितळी पारडी, रेशमी दोऱ्या आणि एका कप्प्यात लाल-काळ्या गुंजा. सव्वाचारशे गुंजांमधून एकसारख्या वजनाच्या चोवीसच निघाल्या होत्या, त्या वेगळ्या डबीत. पाव गुंजेसाठी वडिलांनी कातरलेले पत्र्याचे तुकडे. संस्थेतला तराजू याहून सूक्ष्म होता, पण तो संस्थेच्या कामाचा. खासगी कामाला त्याला हात लावायचा नाही! बाजारातली जर्मन वजनंही त्यांनी आणून ठेवली होती, पण ती गुंजांची अधूनमधून परीक्षा घ्यायला. होलमानांच्या पुस्तकात मापं ग्रेनमध्ये होती. त्यावर पोतदारांचं म्हणणं, "ग्रेन म्हणजे गव्हाचा दाणा. धान्य खायला असतं, हेर होलमान. मोजायला गुंज."

होलमान बिचारे म्हणत, "या, या. गुंडश." या म्हणजे हो, आणि गुंडश म्हणजे त्यांच्या तोंडची गुंज.

पोतदारांचा दुसरा नियम होता, एका वेळी एकच बदल. दारू बदलली की गोळीला हात लावायचा नाही. गोळी केसभर पुढे बसवली की दारू तीच. मग शनिवारी रानातल्या नेमबाजीच्या मैदानावर जायचं, वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून शंभर मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या झाडायच्या आणि पाच छिद्रांमधलं अंतर मोजायचं. पोतदार कानात कापूस घालून स्वतः झाडत. "कागदाला जीव नसतो," म्हणायचे. पाचही छिद्रं मार्काच्या नाण्याखाली झाकली गेली तरी त्यांचं समाधान नाही, कारण सात नंबरची पुंगळी दर वेळी डावीकडे जायची. पुंगळ्यांना नंबर होते आणि स्वभावही होते. "दोन आणि नऊ सज्जन आहेत. सात नाठाळ आहे. हिला घरी ठेवायला पाहिजे."

हा एका-वेळी-एकच-बदल नियम त्यांनी माझ्या स्वयंपाकालाही लावला. "वहिनी, आज उपम्यात मीठ कमी आहे आणि लिंबूही नाही. आता बिघडलंय ते कशामुळे, हे कसं कळणार?"

"तुम्ही खाल्ला नाहीत तर मला कळेल," मी म्हटलं. त्यांनी खाल्ला. टिपणही केलं.

मी या उद्योगात शिरले ती माझ्या एका गुन्ह्यामुळे. एकदा होलमानांनी मला तळघरातून बटाटे आणायला सांगितलं. टेबलावर पसारा दिसला आणि माझे हात शिवशिवले. पाच मिनिटांत मी फडकं मारलं, चिमटे ओळीने लावले आणि दोन डब्यांमध्ये पडलेल्या गुंजा एकाच मोठ्या डबीत छान भरून ठेवल्या. वर चिठ्ठीसुद्धा चिकटवली, 'गुंजा'.

संध्याकाळी पोतदार वर आले. ओरडले नाहीत. दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, पास झालेल्या चोवीस आणि नापास झालेल्या चारशे तुम्ही एकत्र केल्यात."

"अग बाई! आता?"

"आता परीक्षा पुन्हा."

तीन आठवडे लागले. प्रायश्चित्त म्हणून मी रोज सहा वाजता खाली जाऊन बसायला लागले. ते वजन सांगत, मी लिहीत असे. गुंजा संपल्या, पण माझी बसायची सवय राहिली आणि काडतुसांची वही माझ्याकडे आली. तारीख, हवेतली थंडी, दारू किती गुंजा, गोळी कुठली, छिद्रांमधलं अंतर किती, असे रकाने मी आखले. पोतदारांनी प्रत्येक रकाना पट्टी लावून तपासला. मग म्हणाले, "वहिनी, तुमचं शिक्षण वाया गेलं." एवढं कौतुक मला लग्नातही मिळालं नव्हतं. आमच्या ह्यांना मात्र सिगरेटमुळे तळघराच्या तिसऱ्या पायरीखाली प्रवेश नव्हता. ते तिसऱ्या पायरीवर बसून "जेवायला काही आहे का?" असं विचारत.

याच काळात मी सासूबाईंना सविस्तर पत्र लिहिलं. मला वाटलं, सगळ्यांची खुशाली कळवावी. "पोतदार भावजी रोज संध्याकाळी न चुकता तळघरात दारू घेऊन बसतात. घरमालकही असतात. भावजी इतके काटेकोर, की दारू गुंजेगुंजेने मोजून घेतात, कणभर वाया जाऊ देत नाहीत. मीही आता त्यांच्यात बसते. फार छान वेळ जातो. ह्यांना मात्र आम्ही खाली येऊ देत नाही."

उत्तर नेहमी महिन्याने यायचं, ते तेरा दिवसांत आलं, विमानटपालाने. "सौ. सूनबाईंस अनेक आशीर्वाद" एवढीच ओळ शांत होती. खाली ह्यांना वेगळा मजकूर होता आणि शेवटी पुडीत अंगारा.

पोतदारांना पत्र वाचून दाखवलं, तेव्हा ते हसले नाहीत. विचारात पडले. "चूक वाक्यरचनेची आहे," म्हणाले. "दारू म्हणजे कुठली, हे आधी सांगायला हवं होतं. पण मोजून घेतात हे त्यांनी मान्य केलंय ना? मग ठीक." अंगारा त्यांनी बंदुकीच्या दस्त्याला लावला. त्या शनिवारी सात नंबरची पुंगळी पहिल्यांदा मधोमध गेली. वहीत शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'अंगारा'. त्यांनी तो खोडला. "एका वेळी एकच बदल, वहिनी. त्या दिवशी वाराही नव्हता."

असं सगळं मजेत चाललं होतं. मग तिसऱ्या वर्षी वसंतात एक दिवस दाताचे डॉक्टर आले.

हे डॉक्टर होलमानांच्या शिकारी मंडळींचे मुख्य. ताउनुसच्या डोंगरातलं रान त्यांनी शिकारीसाठी ठेक्याने घेतलं होतं आणि होलमानांसारखे सातआठ जण त्यांच्यासोबत जात. माणूस वाईट नव्हता. बागेत बसून आधी कॉफी प्यायला, फ्लोराचे कान खाजवले आणि मग बोलला. गेल्या हंगामात होलमानांच्या दोन गोळ्या फुकट गेल्या होत्या आणि तिसरीने एक हरीण नुसतं जखमी झालं होतं. ते शोधायला दिवस गेला. शिकाऱ्यांमध्ये याहून लाजिरवाणी गोष्ट नाही. "ओटो, जनावराला असं ठेवायचं नसतं. हे तूच आम्हाला शिकवलंस," डॉक्टर होलमानांना म्हणाले. हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी होलमानांनी सगळ्यांसमोर पाच गोळ्या झाडायच्या, शंभर मीटरवरून, तळहाताएवढ्या वर्तुळात. पाचही आत गेल्या तर उत्तम. नाहीतर यापुढे रान उठवणाऱ्यांबरोबर यायचं. काठी घेऊन. बंदुकीशिवाय.

होलमान म्हणाले, "गेनाऊ." त्या एका शब्दाला त्या दिवशी काही वजनच नव्हतं.

पोतदार कामाला लागले. उन्हाळाभर मी वहीची तीन पानं आठवड्याला भरत होते. जुलैअखेर असं काडतूस तयार झालं, की पोतदारांनी झाडलेल्या पाच गोळ्यांचं एकच फाटकं छिद्र झालं. त्यांनी ते कितीतरी वेळ भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "गेनाऊ." मी तारीख घातली.

तीच बंदूक, तीच काडतुसं, तीच वाळूची पिशवी. होलमान बसले. पाच छिद्रं, ताटभर पसरलेली.

"डोळे गेले माझे," होलमान म्हणाले.

"चष्मा गेल्या महिन्यातला आहे," पोतदार म्हणाले. "बदल एकच झालाय. माणूस."

पुढच्या शनिवारी त्यांनी मला पाच काडतुसं लिहायला सांगितली. चौथ्यासमोर त्यांनी स्वतः दारूच्या रकान्यात शून्य घातलं. रिकामी पुंगळी, टोपीही मेलेली, वर गोळी बसवलेली. बाहेरून काही कळणार नाही. मी विचारलं, तर ओठांवर बोट.

मैदानावर होलमानांनी तीन झाडली. चौथ्यांदा चाप ओढला. नुसता 'टक्'. आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही. आणि तरीही बंदुकीचं तोंड वीतभर खाली गेलं होतं, होलमानांचे डोळे गच्च मिटले होते आणि उजवा खांदा आपोआप मागे चोरला गेला होता.

आम्हा दोघांना दिसलं. होलमानांना नाही, कारण त्यांचे डोळे मिटलेले. तो खांदा लढाईत मोडला होता आणि वाकडा जुळला होता, हे आम्हाला माहीत होतं. थंडीत तो दुखतो, हेही. पण प्रत्येक गोळीचा दणका तो आधीच सोसून बसतो, हे त्या दिवशी कळलं.

"काय झालं?" होलमानांनी विचारलं.

"टोपी फुसकी निघाली," पोतदार म्हणाले. "चूक माझी. बसवताना कमी दाबली गेली."

मी वही मिटली. तीन वर्षांत पोतदारांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खोटं, आणि तेही स्वतःच्या कामाला बट्टा लावणारं.

संध्याकाळी तळघरात मी सरळ विचारलं. "त्यांना सांगत का नाही? खांदा दुखतो, म्हणून हलकी काडतुसं भरून देतो, म्हणावं. त्यात काय एवढं?"

"हलकी काडतुसं ते हातात धरणार नाहीत. ती पोरांना देतात, शिकायला."

"मग डॉक्टरांना सांगा."

पोतदार पारडं फडक्याने पुसत होते. पुसून झालं तरी पुसत राहिले.

"आमच्या अण्णांचा हात कापायला लागला होता," ते म्हणाले. "वजनात चूक व्हायची. पाव गुंज, अर्धी गुंज. दादाने एक दिवस गिऱ्हाइकासमोर त्यांच्या हातातून हा काटा काढून घेतला. बरोबर केलं. गिऱ्हाइकाचं सोनं होतं ते. मी तेव्हा पुण्यात कॉलेजात होतो. मी दादाला तसं पत्रही लिहिलं, तू केलंस ते बरोबर केलंस म्हणून."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. अण्णा त्यानंतर तीन वर्षं रोज दुकानात येऊन बसायचे. मांडीवर हात ठेवून." त्यांनी पारडं दोरीला अडकवलं. "लिहा, वहिनी. आजपासून दारू कमी."

पण दारू नुसती कमी करून चालत नाही. दणका कमी होतो, तसा नेमही बदलतो. आणि फार कमी केली तरी धोका असतो. पोतदारांनी दारू बनवणाऱ्या कारखान्याला पत्र लिहून खालची मर्यादा विचारली आणि तिथून पुढे सगळं नव्याने मांडलं. हलकी गोळी, मग पाव गुंज, पुन्हा पाव गुंज, एका वेळी एकच बदल. ऑगस्ट गेला, सप्टेंबर आला. शेवटी आधीपेक्षा चार गुंजा कमी दारू घालून छिद्रं पुन्हा नाण्याखाली आली. खांद्याला लागायचा तो नुसता धक्का, मित्राने थोपटल्यासारखा.

वीस काडतुसांची डबी भरली. डबीवर चिकटवायच्या चिठ्ठीसाठी मी लेखणी घेतली. "किती गुंजा लिहू?"

"जुलैतल्या डबीवर होतं तेच लिहा."

"अहो भावजी, वहीत वेगळं आहे!"

"वहीत खरं राहू दे. डबीवर तेच लिहा."

मी लिहिलं. आणि वही वर नेऊन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिली.

ठरलेल्या रविवारी मैदानावर सात शिकारी, दाताचे डॉक्टर, आम्ही दोघं, पोतदार आणि फ्लोरा. होलमानांनी पहिली गोळी झाडली आणि क्षणभर थांबून बंदुकीकडे पाहिलं. मग खांद्याकडे. मग दुसरी. तिसरी. चौथी. माझे हे माझ्या कानात पुटपुटले, "आजोबांचे डोळे उघडे आहेत." पाचवी.

कागद आणला. चार छिद्रं वर्तुळात सुखाने बसलेली. पाचवं रेषेवर. आत की बाहेर यावर सात शिकाऱ्यांची सात मतं झाली. नियम असा, की छिद्राची कड रेषेला आतून नुसती शिवली तरी ती गोळी आत धरायची. शिवली का? डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कागद पोतदारांच्या हातात दिला. "तुम्ही मोजा. तुम्ही म्हणाल ते."

वास्तविक पोतदार होलमानांच्या घरचे. पण मुद्दा कुणीही काढला नाही, कारण उभ्या बाड हॉम्बुर्गला हा माणूस ठाऊक होता. बेकरीत पावाचं वजन करून दोन ग्रॅम जास्त भरले म्हणून परत द्यायला आलेला माणूस!

त्यांनी खिशातून भिंग काढलं, मोजपट्टी काढली आणि बसले. बाहेर असती तर ते बाहेरच म्हणाले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. डबीवरच्या चिठ्ठीचं खोटं वेगळं, मोजमापाचं वेगळं. काटा हातात असताना हा माणूस देवाचंही ऐकणार नाही. तीन वेळा मोजलं. कागद फिरवून चौथ्यांदा. फ्लोराने जांभई दिली.

"शिवली आहे," पोतदार म्हणाले. "गेनाऊ."

डॉक्टरांनी हॅट काढली. होलमान कुणाकडेच न बघता बंदूक पुसत राहिले.

त्यानंतर आठवड्याभरात दसरा आला. दसऱ्याला पोतदार काट्याची पूजा करायचे. बाड हॉम्बुर्गमध्ये आपटा कुठला? पण कुअरपार्क नावाच्या बागेत एक मोठं जिंको झाड आहे. त्याचं पान मधोमध चिरलेलं, दोन पाळ्यांचं, अगदी आपट्यासारखं. आणि शरदात ते खरोखर सोन्याचं होतं. दरवर्षी पोतदार तिथली पडलेली पानं वेचून आणत, सारख्या आकाराची निवडत आणि घरातल्या प्रत्येकाला देत. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." होलमान ते पान वर्षभर पाकिटात ठेवायचे. त्या दिवशी मात्र ते पहाटेच रानात गेले होते.

दुपारी चारला मी शिरा वाढत होते, तेव्हा दारात बुटांचा आवाज आला. होलमान उभे होते, चिखलाने माखलेले. हॅटला ओकची हिरवी डहाळी खोचलेली. तिथल्या शिकाऱ्यांची रीत आहे, एका गोळीत जनावर शांतपणे पडलं, की त्याच्या तोंडात एक डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून. आणि दुसरी डहाळी शिकाऱ्याच्या हॅटवर. कधी कुत्र्याने माग काढून दिला असेल, तर शिकारी आपली डहाळी मोडून अर्धी त्या कुत्र्याच्या मालकाला देतो. अर्धं श्रेय तुझं, म्हणून.

"एकच गोळी," होलमान म्हणाले. "त्याला कळलंसुद्धा नाही."

पोतदारांनी मान झुकवली. डोळे क्षणभर मिटले. ते कुणासाठी, मी विचारलं नाही. मग ताटलीतलं जिंकोचं पान उचलून त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केलं. "हेर होलमान, सोनं."

होलमानांनी पान घेतलं, पाकिटात ठेवलं. मग हॅट काढली, डहाळी उपसली आणि कडकन मधोमध मोडली. अर्धी पोतदारांसमोर धरली.

पोतदार गोंधळले. "पण माग तर मी काढला नाही."

"माझा खांदा या बंदुकीला पस्तीस वर्षं ओळखतो," होलमान म्हणाले. "त्याला चिठ्ठ्या वाचता येत नाहीत. खरं सांगा, हेर पोतदार. डबीवर लिहिलंय तेवढीच दारू होती त्यात?"

मी शिऱ्याचा चमचा तसाच धरून उभी. वही माझ्या मागच्या फळीवरच होती. पोतदारांचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि घसा खाकरला.

"अंदाजे," पोतदार म्हणाले.

होलमानांनी डहाळी त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात स्वतःच्या हाताने खोचली आणि खिसा दोनदा थोपटला.

"गेनाऊ," ते म्हणाले.

पोतदार पुढच्या वर्षी मायदेशी परतले. पेटी आवरायला मीच मदत केली, यादी करून. काटा एक, पारडी दोन, पास गुंजा चोवीस, नापास गुंजा वेगळ्या पुडीत. पास गुंजांच्या डबीत ओकची एक वाळकी, अर्धी डहाळी होती. मी विचारलं, "ही कुठल्या रकान्यात लिहू?"

"लिहू नका, वहिनी," ते म्हणाले. "तिचं वजन मी केलेलं नाही."